चार गावांनी मिळून पाणी योजना करायचीय? नवीन सरपंच आणि पाणी समितीवाल्यांसाठी पायरी-पायरीनं

नवीन निवडून आलेले सरपंच, पाणी समितीवर पहिल्यांदाच नाव लागलेले सदस्य, बचत गटातून समितीवर गेलेल्या ताया, तुमच्यासाठी हे लिहितोय. चार असोत की चाळीस, गावांनी मिळून एकच नळपाणी योजना करायची, जिला आपल्याकडं प्रादेशिक योजना म्हणतात, ती कशी उभी करायची, पैसे कुठून येतात आणि मुख्य म्हणजे ती बंद कशी पडू द्यायची नाही, एवढं यात आहे. सरकारी भाषा शक्यतो टाळलीय, पण ऑफिसात गेल्यावर जे शब्द कानावर पडतात ते मधेमधे सांगत जातो.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पाइप, पंप, फिल्टर प्लँट हे इंजिनियर लोक करून देतात, ते काही फार अवघड राहिलेलं नाही. योजना बंद पडते ती गावागावांतल्या हिशोबावरून. एका गावानं बिल थकवलं, ते बघून बाकीची दोन म्हणाली मग आम्हीच का भरायचं, थकबाकी वाढत गेली, महावितरणनं जॅकवेलची, म्हणजे धरणातलं पाणी उचलायच्या विहिरीची लाइट तोडली आणि ज्यांनी पै न् पै भरली होती त्यांचेही नळ कोरडे. हे जिल्ह्याजिल्ह्यात झालंय आणि होतंय. म्हणून गावांमधला लेखी करार आणि प्रत्येक गावाच्या तोंडाशी एक चालू मीटर, या दोन गोष्टी पाइप टाकायच्या आधी ठरवून घ्या. खाली जे काही आहे ते फिरून फिरून याच दोन गोष्टींपाशी येणार आहे.

पायरी १ : आपल्याला खरंच प्रादेशिक योजना लागते का?

हा प्रश्न कुणी विचारत नाही. शेजारच्या गावाला धरणाचं पाणी आलं म्हणून आपल्यालाही हवं, असं होतं. पण धरणावरून पंप करून फिल्टर करून वीस-पंचवीस किलोमीटर आणलेलं पाणी म्हणजे कायमचं लाइट बिल, कायमचा स्टाफ आणि दुसऱ्या गावांवर कायमचं अवलंबून राहणं. स्वतःच्या विहिरीवर काम भागत असेल तर ते कधीही स्वस्त.

तर आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसला पत्र द्या, त्यांचा भूवैज्ञानिक येऊन स्रोत बघतो. विहिरीची उपसा चाचणी उन्हाळ्यातच करायचा आग्रह धरा, ऑक्टोबरमध्ये प्रत्येक विहीर भरलेलीच असते. सोबत पाण्याचा रिपोर्ट काढा. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० नावाचं आहे, त्यात दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त चालणारं प्रमाण म्हणजे फ्लोराइड लिटरला १.५ मिलिग्रॅम आणि टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, २००० मिलिग्रॅम, नायट्रेटला मात्र ४५ च्या पुढं सवलत नाही. रिपोर्टमध्ये जंतू निघाले तर घाबरायचं कारण नाही, टीसीएल म्हणजे क्लोरीनवाली ब्लीचिंग पावडर नीट टाकली की ते मरतात. पण फ्लोराइड किंवा खारटपणा क्लोरीननं जात नाही, तिथं स्रोत बदलायचा विचार करावाच लागतो.

अकोला, अमरावती, बुलडाणा या भागातला पूर्णा खोऱ्याचा खारपाण पट्टा हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. तिथं जमिनीखाली पाणी आहे पण खारं, कितीही बोअर मारा तेच. म्हणून तिथं वान धरणावरची ८४ खेडी योजना, काटेपूर्णा धरणावरची खांबोऱ्याची ६४ खेडी योजना अशा मोठ्या प्रादेशिक योजना झाल्या. अशा ठिकाणी गावांनी एकत्र येण्याला पर्यायच नाही. तुमच्याकडं तसं नसेल आणि फक्त मार्च ते जून अडचण असेल, तर जलयुक्त शिवारची कामं, विहिरीचं खोलीकरण, शेजारच्या एकाच गावाबरोबर जोड योजना, हे आधी तपासा.

आणि प्रादेशिक योजना झाली तरी जुनी विहीर आणि तिची मोटर विकू नका, बुजवू नका. मेन लाइन फुटली की चार दिवस तीच कामाला येते.

पायरी २ : गावं कोणती घ्यायची आणि ठराव

गावं निवडताना नकाशा आणि उतार बघायचा. तालुका एक आहे, आमदार एक आहे, पाहुणे-रावळे आहेत म्हणून गावं जोडत गेलं की एखादं गाव टेकडीच्या पलीकडं निघतं आणि त्या एकासाठी जास्तीचा पंप बसतो, त्याचं बिल सगळ्यांच्या डोक्यावर. असं गाव सोडा असं मी म्हणत नाही, तिथंही माणसंच राहतात, पण त्याचा जास्तीचा खर्च कोण उचलणार हे पहिल्या मीटिंगलाच बोलून घ्या.

वाड्या-वस्त्या विसरू नका. कागदावर महसुली गाव असतं, पण धनगरवाडा, तांडा, मळ्यातली वस्ती, पाड्यावरची घरं यांची नावं अंदाजपत्रकात आली नाहीत तर पुढं पाच-दहा वर्षं त्यांना कुणी विचारत नाही, वर गावाची टाकी बांधून झाली की गाव पूर्ण झालं असं रिपोर्टला लागतं. समितीनं स्वतः फिरून घरांची यादी करा आणि सर्व्हेवाल्याच्या यादीशी ताडून बघा.

मग प्रत्येक गावची ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ठरलेल्या ग्रामसभा आहेतच, पण या विषयाला वेगळी ग्रामसभा लावलेली बरी, त्या दिवशी झेंडावंदनाच्या गडबडीत विषय हात वर करून मंजूर होतो आणि कुणालाच काही कळलेलं नसतं. महिलांची सभा आधी घ्या. पाणी भरणाऱ्या बायकांना विचारलं तर कोणत्या आळीत प्रेशर येत नाही, कुणाच्या घरी टिल्लू पंप आहे, किती वाजता पाणी सोडलं तर शेतावर जाणाऱ्यांना मिळेल, हे सगळं अर्ध्या तासात कळतं.

ठरावात नुसतं "योजनेत सहभागी होण्यास मंजुरी" एवढंच लिहून मोकळं होऊ नका. चार वाक्यं जास्त घाला. गावांतर्गत कामाची लोकवर्गणी देऊ, प्रत्येक घरी नळजोडणी घेऊ, गावाच्या हिश्श्याचं पाणी बिल दर महिन्याला ठरलेल्या तारखेला संयुक्त खात्यात भरू, आणि गावाच्या तोंडाशी बल्क मीटर बसवायला आमची हरकत नाही. सगळ्या गावांचे ठराव एकाच मजकुराचे असू द्या. पुढं सरपंच बदलला, पार्टी बदलली तरी हा कागद बोलतो.

पायरी ३ : पाणी किती लागेल, आणि ते मे महिन्यात असेल का

घरोघरी नळ द्यायची सरकारची जी योजना आहे, जल जीवन मिशन, तिच्यात माणशी रोज ५५ लिटर धरतात. समजा ८ गावं, मिळून लोकसंख्या १६,०००. म्हणजे रोज ८ लाख ८० हजार लिटर. वाटेत गळती होतेच, ती १५ टक्के धरली तर धरणातून रोज साधारण १० लाख ३५ हजार लिटर उचलावं लागेल. पण योजना आजच्या लोकसंख्येवर आखत नाहीत, पाइपांसाठी साधारण ३० वर्षं पुढचा आणि पंपांसाठी १५ वर्षं पुढचा विचार करतात, तेव्हा अंदाजपत्रकात आकडा मोठा दिसला म्हणून लगेच घोटाळा समजू नका. गुरांचं पाणी मात्र वेगळं विचारा, ते बऱ्याचदा धरलेलंच नसतं आणि मग ५५ लिटरमधूनच म्हशीही पाणी पितात.

पाणी धरणातलं असेल तर जलसंपदा विभागाकडून पिण्यासाठीचं आरक्षण लागतं आणि ते फुकट नसतं, त्याचे ठोक दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. आरक्षणाचं पत्र समितीच्या फाइलला हवंच. आपल्या राज्याच्या जलनीतीत पिण्याच्या पाण्याला पहिला नंबर आहे, पण ते कागदावर मागून घेतल्याशिवाय मिळत नाही.

आता एक प्रश्न इंजिनियरला तोंडावर विचारा : जॅकवेलची सगळ्यात खालची पाणी घ्यायची खिडकी कोणत्या पातळीला आहे आणि गेल्या दुष्काळात मे अखेरीस धरणाची पातळी कुठपर्यंत उतरली होती? हे दोन आकडे शेजारी-शेजारी मांडा. पाणी खिडकीच्या खाली गेलं तर धरणात पाणी दिसतंय आणि जॅकवेलमध्ये येत नाही अशी अवस्था होते, मग पोकलेन लावून चर खोदा, तरंगता पंप आणा, ही सगळी धावपळ ऐन उन्हात. याचं उत्तर "बघू, होईल" असं आलं तर लेखी मागा.

पायरी ४ : बांधायचे पैसे

जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं, २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ असं लक्ष्य होतं, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ते २०२८ पर्यंत वाढवल्याचं जाहीर केलं. महाराष्ट्रात यात केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा वाटा उचलतात. मोठ्या योजना बहुतेक महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडं म्हणजे मजीप्राकडं जातात, बाकीच्या जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडं. तुमची कुणाकडं आहे ते पहिल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर दोन्ही ऑफिसं एकमेकांकडं बोट दाखवतात आणि तुमचे हेलपाटे होतात.

लोकवर्गणीबद्दल फार गैरसमज आहेत. नियमाप्रमाणं लोकवर्गणी ही फक्त गावाच्या आतल्या कामावर आहे, म्हणजे गल्लीतले पाइप, नळजोडण्या वगैरे. धरणापासून गावापर्यंतच्या मोठ्या कामावर ती नाही. गावातल्या कामाच्या १० टक्के, आणि डोंगराळ किंवा जंगल भागात, किंवा अनुसूचित जाती-जमातीची लोकसंख्या ५० टक्क्यांच्या वर असेल तिथं ५ टक्के. रोख, सामान किंवा श्रमदान, कशातही चालते. समजा गावातलं काम ६० लाखांचं, तर वर्गणी ६ लाख, पाच टक्केवाल्या गावाला ३ लाख. ती अख्ख्या कोट्यवधीच्या योजनेवर मोजून लोकांना घाबरवू नका, आणि दुसरीकडं ठेकेदारानं परस्पर भरली असंही होऊ देऊ नका. ज्यानं शंभर रुपये का होईना स्वतः दिलेत तो पुढं पाइप फुटला की फोन करतो.

दुसरा मोठा सोर्स वित्त आयोगाचा. १५ व्या वित्त आयोगाच्या निधीत, २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी, ६० टक्के रक्कम बांधलेली होती, म्हणजे ठरवून दिलेल्या कामालाच वापरायची, त्यातली निम्मी म्हणजे एकूण निधीच्या ३० टक्के पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, उरलेली ३० टक्के स्वच्छतेसाठी. यातून देखभाल-दुरुस्ती करता यायची, कर्मचाऱ्यांचे पगार मात्र नाही. त्यापुढच्या वर्षांचे हप्ते पुढच्या आयोगाच्या नियमानं येतात, टक्केवारी पंचायत समितीतून ताजी घ्या, जुन्या सरपंचांच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि काहीही असलं तरी काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आधी घातलेलं पाहिजे, आराखड्यात नाही ते ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढत नाही आणि चढलं नाही तर पेमेंट निघत नाही.

बाकी छोट्या-मोठ्या गोष्टींसाठी जिल्हा नियोजन समिती, आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचा निधी आहे. खाणी असलेल्या जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा असतो आणि पिण्याचं पाणी त्यांच्या उच्च प्राधान्याच्या यादीत आहे, हे चंद्रपूर-यवतमाळकडच्या गावांनी जरूर बघावं. पण हे पैसे मीटर, सोलर पॅनल, क्लोरीनचं मशीन, एखादी टाकी असल्या एकदाच लागणाऱ्या गोष्टींना मागा. महिन्याचा खर्च यावर चालवायचा विचार करू नका.

पायरी ५ : चालवायचे पैसे (इथं सगळ्यात जास्त वेळ द्या)

बांधायला सरकार देतं. चालवायला आपणच. तरी मंजुरीच्या आधी महिन्याचा खर्च काढणारी गावं मला फार कमी दिसतात. कागद-पेन घ्या, वरचाच हिशोब पुढं नेऊ, दर तुमच्या भागाप्रमाणं बदला, पद्धत बघा.

रोज १०३५ घनमीटर पाणी (म्हणजे वरचेच १० लाख ३५ हजार लिटर), समजा सगळं मिळून १०० मीटर उंचीवर चढवायचं आणि पंप-मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षमता. याला रोज साधारण ४७० युनिट लागतात, महिन्याला १४,१०० च्या आसपास. सगळं धरून युनिटला ८ रुपये मानले तर बिल झालं १ लाख १३ हजार. ऑपरेटर, फिल्टर प्लँटवरची माणसं, लाइन बघणारा असे पाच जण, १२ हजारांनी ६० हजार. तुरटी आणि क्लोरीन १५ हजार. दुरुस्तीसाठी बाजूला ४० हजार, कमी वाटत असतील तर जास्त धरा, मोटर जळली की एका झटक्यात जातात. कच्चं पाणी, म्हणजे धरणातल्या पाण्याचे पैसे, आणि किरकोळ १२ हजार. एकूण २ लाख ४० हजार रुपये महिना.

नळ ३,२०० असतील तर एका नळाला ७५ रुपये. हे फक्त गावाच्या टाकीपर्यंत पाणी आणायचं. गावातला वॉल्वमन, गल्लीतली लिकेज, हे वेगळं ३०-३५ रुपये धरा. म्हणजे १०५-११० रुपये महिना, वर्षाला १३०० च्या घरात. आणि वसुली ६० टक्केच होत असेल तर तेच ७५ चे १२५ होतात, कारण न भरणाऱ्याचा भार भरणाऱ्यावर येतो. हा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा. पाणीपट्टी वाढवायला कुणी सरपंच तयार नसतो, मतं जातात म्हणून. पण त्याच घरात लोक जारचं पाणी विकत घेतात तो महिन्याचा खर्च शेजारी लिहून दाखवा, लोकांना हिशोब कळतो, आपणच त्यांना सांगत नाही.

आता बिल कमी कसं येईल ते बघा. महावितरणच्या बिलावर कॉन्ट्रॅक्ट डिमांड (मंजूर करून घेतलेला भार) आणि पॉवर फॅक्टर (घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला लागते ते) हे दोन रकाने असतात. गरजेपेक्षा जास्त डिमांड घेऊन ठेवली असेल तर पंप बंद असला तरी त्याचा चार्ज पडत राहतो, आणि कपॅसिटर उडालेला असेल तर पॉवर फॅक्टर पडून बिल वाढतं. तुमचं कनेक्शन सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या दरात आहे ना, चुकून व्यापारी दरात नाही ना, तेही बघा. एखादा ओळखीचा वायरमन घेऊन मागची बारा बिलं मांडून बसलात तर दरमहा काही हजार वाचू शकतात.

पायरी ६ : गावांमधला करार आणि मीटर

इथंच घोडं अडतं. सगळे म्हणतात आपण एकमेकांचेच आहोत, करार कशाला. करार याच्यासाठी की उद्या खुर्चीवर दुसरी माणसं असतील.

पैसे वाटून घ्यायची पद्धत दोन भागात ठेवा. पगार, दुरुस्ती, किरकोळ हा कायमचा खर्च नळांच्या संख्येवर, आणि लाइट-औषधाचा खर्च मीटरच्या रीडिंगवर. वरच्या हिशोबात कायमचा भाग १ लाख १२ हजार, म्हणजे नळाला ३५ रुपये, आणि बदलता भाग १ लाख २८ हजार, म्हणजे गावाला मिळालेल्या हजार लिटरला साधारण ५ रुपये. समजा ४०० नळांचं गाव आहे. त्याचे १४ हजार पक्के, पाणी घ्या नाहीतर घेऊ नका, आणि महिन्याला ३,३०० घनमीटर घेतलं तर वर १६,५०० रुपये.

असं का? कारण पावसाळ्यात काय होतं, ज्या गावाची स्वतःची विहीर आहे ते जुलै ते डिसेंबर म्हणतं आम्हाला तुमचं पाणी नको, आणि फेब्रुवारीत परत येतं. नुसत्या मीटरवर पैसे असतील तर ते सहा महिने सगळा पगार-दुरुस्तीचा बोजा बाकीच्या गावांवर, बरेचदा ज्यांच्याकडं विहीरच नाही अशा गरीब गावांवर. बहुतेक भांडणाची मेख इथं असते. आणि नुसते नळ मोजून पैसे घेतले तर मग पाणी वाया घालवणाऱ्याला काहीच लागत नाही. म्हणून दोन्ही.

करारात आणखी काय : महिन्याच्या कोणत्या तारखेला पैसे भरायचे. प्रत्येक गावाची तीन महिन्यांच्या बिलाएवढी अनामत, वरच्या गावाला साधारण ९० हजार, म्हणजे कुणी थकवलं तरी लाइट तुटणार नाही. थकवलं तर त्याच गावाचा वॉल्व कमी करायचा, किती दिवसांनी आणि किती, हे लिहूनच ठेवा, पूर्ण बंद मात्र करू नका, तहानलेल्या माणसाचं पाणी तोडू नये. नवीन गावाला जोडून घ्यायचं असेल तर सगळ्या गावांची लेखी संमती. आणि मेन लाइनवरून मधेच कुणालाही कनेक्शन नाही, हॉटेलला नाही, शेततळ्याला नाही, पुढाऱ्याच्या फार्महाऊसला तर अजिबात नाही. एक दिलं की दहा होतात आणि टेलच्या म्हणजे लाइनच्या शेवटच्या गावाला थेंब पोचत नाही.

मीटर बसवताना स्वतः उभे रहा. मीटरच्या आधी आणि नंतर पाइप काही अंतर सरळ हवा, वळणाला लागून बसवला तर रीडिंग चुकतं. आधी गाळणी हवी. आणि मीटरच्या आधी, जिकडून पाणी येतं त्या बाजूला, हवा बाहेर सोडणारा एअर वॉल्व चालू हवा, कारण पाणी रोज सोडून बंद होतं, रिकाम्या पाइपमधली हवा पुढं ढकलली जाते आणि मीटर हवेवरही फिरतो. गाव म्हणतं पाणी आलंच नाही, मीटर म्हणतो आलं, आणि दोघंही खरं बोलत असतात. मीटरच्या चेंबरला कुलूप, चावी दोन, एक गावाकडं एक शिखर समितीकडं, म्हणजे सगळ्या गावांच्या मिळून असलेल्या समितीकडं. दर एक तारखेला दोन्हीकडची माणसं एकत्र रीडिंग घेतात, फोटो काढून सगळ्या गावांच्या व्हॉट्सअप ग्रुपवर टाकतात, आणि रजिस्टरला दोघांच्या सह्या.

याचा दुसरा फायदा असा की वर फिल्टर प्लँटवरून किती निघालं आणि गावांच्या मीटरची बेरीज किती, यातला फरक दर महिन्याला दिसतो. रोज १०३५ निघालं आणि ८८० पोचलं तर ठीक, धरलेलीच गळती आहे. पण ७०० च पोचलं असेल तर पाणी कुठंतरी मुरतंय, लाइन चालत जाऊन बघा, बहुतेकदा एखादा एअर वॉल्व ढिला करून शेतात पाट काढलेला सापडतो.

पायरी ७ : शिखर समिती

प्रत्येक गावात पाणी समिती असतेच, १० ते १५ जणांची, निम्म्या महिला, लोकप्रतिनिधी पाव हिश्श्यापर्यंत, आणि दुर्बल घटकांना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा. सगळ्या गावांची मिळून जी बसते ती शिखर समिती. यात प्रत्येक गावाचे दोन प्रतिनिधी घ्या आणि त्यातली एक बाई असू द्या, सहीपुरती नको, बोलणारी. मोठ्या गावाला जास्त मतं द्यायची का यावर वाद होतो, माझं मत विचाराल तर प्रत्येक गावाला सारखंच मत, नाहीतर छोटी गावं दोन मीटिंगनंतर यायचीच बंद होतात.

पाणी वाटपाचं वेळापत्रक करायचं काम टेलच्या गावच्या माणसाकडं द्या. ज्याच्याकडं शेवटी पाणी पोचतं तो वाटप नीट करतो, कारण वरच्यांचं झाल्याशिवाय आणि वेळेत बंद झाल्याशिवाय त्याचं भागतच नाही.

बँक खातं योजनेच्या नावानं वेगळं, सह्या दोन वेगवेगळ्या गावांच्या. कुठल्याही एका ग्रामपंचायतीच्या खात्यात सगळ्यांचे पैसे ठेवू नका, त्या गावची थकबाकी वळती झाली की आठ गावं अडकतात. जमाखर्चाचं एक पान दर महिन्याला प्रत्येक ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलं पाहिजे.

पायरी ८ : काम चालू असताना आणि ताबा घेताना

टेंडर, कार्यारंभ आदेश वगैरे ऑफिसचं काम आहे, त्यात फार शिरू नका. पण अंदाजपत्रकाची कॉपी घ्या आणि त्यात पाइपचा प्रकार, व्यास आणि किती खोल चर खोदायची हे बघून ठेवा. खोली कमी ठेवली की पहिल्याच नांगरटीत पाइप वर येतो. चर बुजवायच्या आधी प्रेशर देऊन टेस्ट झाली पाहिजे, बुजवल्यावर केली तर लिकेज दिसत नाही.

ताबा घ्यायची घाई करू नका. उद्घाटन झालं, नारळ फुटला म्हणजे ताबा घेतला असं होत नाही. सगळ्या गावांच्या टाक्या भरून, शेवटच्या वस्तीच्या शेवटच्या नळाला पाणी आलेलं समितीनं स्वतः बघितल्याशिवाय हस्तांतरणावर सही नको. सोबत हे सगळं हातात घ्या : प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा वॉल्वच्या जागांसकट, पंप-मोटरची वॉरंटी कार्डं, लाइट कनेक्शनची कागदं आणि मागचं बिल भरल्याची पावती, सगळे मीटर चालू असल्याचा पंचनामा, आणि ठेकेदाराची दोष दुरुस्तीची मुदत कधी संपते ती तारीख. ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या दोन महिने आधी पूर्ण लाइन फिरून दोषांची यादी लेखी द्या.

पायरी ९ : पहिलं वर्ष

टीसीएल रोज, आणि शेवटच्या नळाला क्लोरीन तपासायचं रोज. लिटरला निदान ०.२ मिलिग्रॅम मिळायला हवं, ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन बघायच्या तपासणीला, पिवळी झाक यायला हवी. फिल्टर प्लँटवर औषध टाकलं म्हणून निर्धास्त राहू नका, वीस किलोमीटर येईपर्यंत ते संपलेलं असू शकतं, गावच्या टाकीवर परत टाकायची सोय ठेवा. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना फिल्ड टेस्ट किटचं ट्रेनिंग द्यायचं ठरलेलं आहे, तुमच्या गावात झालं नसेल तर पंचायत समितीत मागा.

वसुलीसाठी मागणी बिलं वेळेवर वाटा आणि पोच घ्या. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १२९ नं थकबाकी वसूल करता येते, पण बिल दिल्याची पोचच नसेल तर पुढं काहीच करता येत नाही. आणि सदस्यांनो, पहिली पावती तुमची. ग्रामपंचायतीचा कर किंवा फी मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत भरली नाही तर कलम १४ खाली सदस्यत्वच जाऊ शकतं, विरोधक हीच फाइल काढतात. ते सोडा, तुमचं बाकी असताना लोकांच्या दारात कोणत्या तोंडानं जाणार.

पहिल्या पावसाळ्यात नदी-ओढ्यातून गेलेली लाइन आणि पुलाला लटकवलेले पाइप तपासा. पाणी गढूळ आलं की तुरटी जास्त लागते, तिचा साठा मे महिन्यातच करून ठेवा. जानेवारीत धरणाची पातळी बघा, कमी दिसली तर लगेच रोटेशन म्हणजे गावांच्या पाळ्या ठरवा आणि तालुक्याच्या टंचाई आराखड्यात आपल्या गावांची नावं गेली का ते तहसीलला विचारा. आणि बजेटच्या आधी वर्षाचा खरा खर्च आणि खरी गळती मांडून पुढच्या वर्षाचा दर ठरवा, दरवर्षी पाच-दहा रुपये वाढलेले लोकांना चालतात, चार वर्षांनी एकदम दुप्पट केलेले चालत नाहीत.

तुमच्याकडं अजून काहीच सुरू नसेल तर या महिन्यात तीनच कामं करा. पंचायत समितीतल्या पाणीपुरवठा उपविभागात जाऊन आपलं गाव कुठल्या योजनेच्या यादीत आहे ते बघा. शेजारच्या गावांच्या सरपंचांना एकत्र बोलवून वरचा महिन्याचा हिशोब त्यांच्यासमोर मांडा. आणि भूजलच्या ऑफिसला स्रोत तपासणीचा अर्ज द्या, त्याची पोच ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं म्हणजे आपल्या ग्रामसेवकाकडं फाइलला लावून एक झेरॉक्स स्वतःकडं ठेवा.